सिद्धम्माचा शांत स्वभाव

आमच्या वॉर्डात सगळ्यांत शांत स्वभाव कुणाचा, याचा निकाल शहाऐंशीच्या मार्चमध्ये एका कागदावरून लागला, आणि तो कागद मी भरला होता. मी मथुरा बनसोडे, तिथली स्टाफ नर्स, कायम नोकरीतली. निकाल लागला आमच्या आयाबाईच्या, सिद्धम्माच्या नावानं. तिला ओळखणारं कुणीही हे ऐकून हसेल, कारण ती बाई ओरडायला लागली की हायवेवरचे ट्रकवाले मान वळवून बघायचे. मीही त्या दिवशी हसले होते.

दवाखाना उमरग्याच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून होता. सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टनं तो बांधलेला. कारखान्याचे चेअरमन नानासाहेब. त्यांची थोरली बहीण डोक्यानं बिघडली आणि बारा वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत साखळीला बांधलेली राहून गेली. ते त्यांच्या मनाला लागलं म्हणा, की निवडणुकीत लोक टोचून बोलायला लागले म्हणून म्हणा, त्यांनी दवाखान्यात बायकांसाठी बारा खाटांचा मनोरुग्णांचा वॉर्ड काढला. तुळजापूरला देवीपुढं महिनोनमहिने बसवून थकलेली माणसं शेवटी आपल्या बायका, बहिणी, सुना आमच्याकडं आणून सोडत. आणून सोडायला चौघं येत, परत न्यायला बऱ्याचदा कुणीच येत नसे.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. ऊस उभा वाळला, कारखाना जानेवारीतच थंड पडला, आणि ट्रस्टनं पहिली कात्री लावली ती आमच्या वॉर्डाला. चार आया होत्या, त्यांच्या दोन झाल्या. रोग्यांच्या खाटा मात्र बाराच्या बाराच राहिल्या. पाणी टँकरनं यायचं, हौदात पडायचं, आणि हौदापासून वॉर्डापर्यंत बादल्या वाहायच्या त्या आयांनीच. राहिलेल्या दोघींत सखूबाई कायम होती आणि तिला गुडघ्याचं दुखणं होतं. सिद्धम्मा तात्पुरती होती. तिला एकोणतीस दिवसांची ऑर्डर मिळायची, मग एक दिवस खंड, मग परत एकोणतीस दिवस. अशी सात वर्षं.

सिद्धम्मा तेव्हा पंचेचाळिशीची असेल. नवरा वारलेला, एक लेक, नागम्मा, एका पायानं अधू. दोघी उमरग्यात सिद्धम्माच्या भावाच्या पडवीत राहायच्या आणि भावजय रोज भांडी आपटून त्याची आठवण करून द्यायची. कायम झालं की कारखान्याच्या चाळीत खोली मिळायची. सिद्धम्माला दुसरं काही नको होतं. खोलीत कुठं चूल मांडायची, नागम्माची खाट कुठल्या भिंतीला लावायची, हेसुद्धा तिचं ठरलेलं होतं. कायम करायच्या लोकांची यादी जूनमध्ये संचालक मंडळापुढं जाणार होती, आणि तिच्यात सिद्धम्माचं नाव तिसरं होतं.

तिची कामाची रीत पुस्तकात बसणारी नव्हती. ती रोग्यांना कानडीत शिव्या द्यायची. लुगडं सोडून फिरणारीला ती अशा भाषेत रागवायची की ती बाई आधी दचकायची, मग लाजायची, मग हसायची आणि लुगडं नेसायची. जाईबाई नावाची एक रोगी होती, तुळजापूरला सापडलेली. ती भरवणाऱ्याच्या तोंडावर घास थुंकायची आणि हाताला चावायची. मी तिच्यापुढं हात टेकले होते. सिद्धम्मा तिच्यासमोर मांडी घालून बसायची, थुंकी पदरानं पुसायची, "थुक यव्वा, आजून थुक, आज आंगूळ बी तूच घालून टाक," म्हणायची, आणि मधेच एखादा कानडी पाळणा सुरू करायची. अर्ध्या तासानं ताटली रिकामी व्हायची.

मग निमकर डॉक्टर आले. पुण्याचे, तिशीतले, अंगावर खादीचा झब्बा. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. वाईट असता तर मला आज एवढा त्रास झाला नसता. नाशिककडं कुठंतरी दहा दिवस मौन धरून ते श्वास बघायला शिकून आले होते. वेड्यांची सेवा करणारी माणसं आतून जळून जातात आणि ते कुणाला दिसत नाही, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत हे कुणी बोललंच नव्हतं.

त्यावर त्यांचा उपाय होता, रोज दुपारी दोन वाजता वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं. येणारा श्वास बघायचा, जाणारा श्वास बघायचा. राग आला तर राग बघायचा, पण त्याच्या मागं जायचं नाही. मला वेगळं बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तर बौद्ध. हे तुमच्या रक्तातच असेल." माझ्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी बेंबळीत पाटलाच्या शेतावर खुरपायला गेले. आमच्या विहारात पत्र्याखाली बसून आम्ही वंदना म्हणायचो आणि शाळेच्या फीचं काय करायचं ते बोलायचो. श्वासाकडं बघायला तिथं कुणाला सवड नव्हती. हे सगळं मी डॉक्टरांना ऐकवलं. ते हसले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

बसायला मात्र मी बसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं. माझा राग नाकावर. बसायला लागल्यापासून तो नाकावरून निदान छातीपर्यंत खाली उतरला.

सिद्धम्मा त्या वीस मिनिटांत झोपायची. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. मुकादमाला कळू नये म्हणून ताठ बसून, मान न पाडता झोपायचं तिथं ती शिकली होती. डॉक्टरांना ते कळणं शक्यच नव्हतं. एकदा ते हलक्या आवाजात आम्हाला म्हणाले, "बघा, सिद्धम्मांकडं बघा. पापणीसुद्धा हलत नाही. इतकी स्थिरता मला स्वतःला दहा दिवसांत आली नव्हती." सखूबाईनं तोंडात पदर कोंबला. मीही ओठ चावले. झोपते तर झोपू दे बिचारी, तेवढीच तिला विश्रांती, असं मला वाटलं.

महिनाभरानं मुंबईहून छापील कागद आले. प्रत्येकाला वीस प्रश्न, उत्तर होय किंवा नाही. कुणाचा स्वभाव कसा, कोण किती थकलंय आणि कुणाला बसण्याचा किती उपयोग झाला, यावर डॉक्टर निबंध लिहिणार होते. आयांना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांना विचारून त्यांचे कागद मी भरायचे ठरलं.

माझा कागद मी खरा भरला. राग लवकर येतो का? होय. कामावर येऊ नये असं वाटतं का? होय. मला कसली भीती होती? मी कायम होते. उलट डॉक्टरांना जरा कळू दे, अशा तोऱ्यात मी होय-होय लिहीत गेले.

सिद्धम्माला मी हौदाजवळ गाठलं. तिनं बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कामाचा उबग येतो का?" मी विचारलं.

"येतो की. न यायला म्या काय दगूड हाय?"

"रोग्यांबद्दलची माया कमी झाली आहे असं वाटतं का?"

ती हौदाच्या कडेवर बसली आणि हात पुसत राहिली.

"बाई, खरं सांगू का?" ती म्हणाली. "मागल्या सालापतुर जाईबाई थुकली की मला हसू यायचं. आता माजा हात वर जातो. म्या त्यो दाबून धरते. रोज धरते. एकांद्या दिशी न्हाय ऱ्हायचा बगा त्यो धरून. कवा कवा वाटतं, ह्या समद्याजणी एका रातीत मरून जाव्यात आन् म्या खोली झाडून कुलूप लावून घरला जावं. मंग माजी मलाच शिसारी येती. डाक्टरसायबाला ह्ये इचारा, ह्ये कशानं व्हतं? दवा असंल तर द्या म्हनावं. दोन म्हैनं जाईबाईला दुसऱ्या कुनी तरी भरवावं म्हनावं."

"मग काय लिहू?"

"बोलले की आत्ता. त्येच लिवा."

मी "नाही" लिहिलं.

हे मी का केलं, ते नोकरी केलेल्या कुणालाही समजेल. आपल्याविरुद्ध जाईल असं काही कागदावर कधी द्यायचं नाही, ही आमची पहिली शिकवण. कागद साहेबाच्या टेबलावरून कुठं जाईल सांगता येत नाही. कायम करायची यादी दोन महिन्यांवर आलेली, आणि तात्पुरत्या आयाबाईच्या नावावर मी लिहून देऊ की हिला रोगी मरावेत असं वाटतं? संचालक मंडळातल्या एकानं जरी ते वाचलं असतं, तरी तिचं नाव त्याच दिवशी उडालं असतं. मी वीसच्या वीस ठिकाणी "नाही" लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. आपण तिच्यावर किती उपकार करतोय, या विचारानं मला त्या संध्याकाळी फार चांगलं वाटत होतं.

डॉक्टर निमकरांचा मात्र त्या कायम करायच्या यादीशी काही संबंध नव्हता. त्यांनी ते कागद खरे मानले. आठवडाभर बसून बेरजा केल्या आणि कामाची नवी वाटणी लावली. मथुरा बनसोडे, स्वभाव तापट, थकवा जास्त, म्हणून वॉर्डातून काढून बाहेरच्या तपासणीत केसपेपर लिहायला. सखूबाईचे गुडघे, म्हणून तिला धुणं आणि भांडारात. सिद्धम्मा, स्वभाव अत्यंत शांत, थकवा शून्य, म्हणून अस्वस्थ रोग्यांच्या सहा खाटा तिच्याकडं, आणि माणसं कमी असल्यामुळं सकाळची आणि दुपारची, दोन्ही पाळ्या. मला बोलावून ते म्हणाले, "ज्याला झेपतं त्याच्यावर काम सोपवायचं, आणि ज्याला झेपत नाही त्याला वाचवायचं. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं."

मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण मी खोटं लिहिलं म्हणून सांगितलं तर मेमो माझ्या हातात. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला मला आजही लाज वाटते. मला ते बाहेरचं काम आवडलं. खिडकीशी टेबल, चार वाजता चहा, अंगाला कुणी चावत नाही. अकरा वर्षांनी मी रात्री पूर्ण झोपत होते. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, जूनला ती कायम होईल, मग सांगू, असं मी ठरवून टाकलं.

एप्रिल गेला. सिद्धम्मा बारीक झाली. मी केसपेपर घेऊन आत गेले की ती दिसायची, पण आवाज यायचा नाही. ती शिव्या द्यायची बंद झाली. पाळणा बंद झाला. जाईबाईसमोर ताटली घेऊन बसायची, घास पुढं करायची, थुंकी अंगावर पडली की पुसायचीसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, "सिद्धम्मा, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरं हाय." एवढंच. जी बाई साध्या डोकेदुखीचं वर्णन तासभर करायची, तिनं दोन शब्द बोलून पाठ फिरवली. मी टेबलावर परत आले आणि चहा प्यायले.

डॉक्टर खूश होते. "किती बदलली बाई," ते म्हणाले. "आरडाओरडा नाही, चिडचिड नाही. हाच तर सरावाचा परिणाम." त्यांच्या निबंधात तिच्यावर दोन पानं होती. नाव बदललेलं, पण तीच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, जाईबाईनं सिद्धम्माच्या मनगटाचा चावा घेतला. नेहमीचंच होतं. सिद्धम्मानं जर्मनचा तांब्या उचलला आणि जाईबाईच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, चार वेळा. मी पोचले तेव्हा ती तांब्या हातात धरून उभी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. जाईबाईचे पुढचे दात पडले होते, नाकाचं हाड मोडलं होतं, आणि ती सिद्धम्माच्याच लुगड्याला धरून रडत होती.

तिसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. नानासाहेब खुर्चीवर, बाजूला डॉक्टर, समोर सिद्धम्मा उभी. मला साक्षीला बोलावलेलं. बहिणीची साखळी आठवणारा माणूस होता तो. रोग्याला मारलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा काळा पडला होता. तरी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सात वर्षांत या बाईची एक तक्रार नाही. कामाच्या ताणानं तर झालं नाही ना हे? तुम्हीच सांगत असता, माणसं जळून जातात म्हणून."

डॉक्टरांनी फाइल उघडली. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

"मीही तेच शोधत होतो," ते म्हणाले. "थकव्याचं एखादं चिन्ह असतं, वीसांतल्या एका प्रश्नाला जरी 'होय' असतं, तरी मी तिच्या बाजूनं उभा राहिलो असतो. रजा द्या, काम बदला, असंच सांगितलं असतं. पण हे बघा. एकही नाही. म्हणजे हा थकवा नव्हे, नानासाहेब. हे मुळातच आतलं काहीतरी आहे. शांत दिसणाऱ्या माणसात कधीकधी क्रूरपणा असतो, आणि तो मला ओळखता आला नाही. चूक माझी आहे."

नानासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

माझी छाती धडधडत होती. सगळं जिभेवर आलं होतं. तेव्हा मी श्वास बघितला. आत येणारा बघितला, बाहेर जाणारा बघितला. भीती बघितली, लाज बघितली, आणि कशाच्याही मागं गेले नाही. धडधड हळूहळू कमी झाली. डॉक्टरांनी शिकवलं ते माझ्या आयुष्यात एकदाच पुरतं कामाला आलं, ते असं.

"नाही," मी म्हटलं.

सिद्धम्माला तिथंच कमी केलं. ती डॉक्टरांच्या, नानासाहेबांच्या पाया पडली आणि निघून गेली.

मी तिच्याकडं गेले ते जूनची यादी लागून गेल्यावर. भावानं पडवी रिकामी करायला लावली होती. उमरग्याच्या स्टँडमागं एका खानावळीत ती भांडी घासत होती, आणि तिथल्याच मागच्या पत्र्यात मायलेकी राहत होत्या. नागम्मा बाहेर पोत्यावर बसून लसूण सोलत होती. सिद्धम्मानं मला बघितलं, हात धुतले, आणि एक डबा पालथा घालून बसायला दिला.

"जाईबाई जेवती का?" तिनं पहिलं विचारलं.

"नळीनं देतात," मी म्हटलं.

मग मी सांगितलं. तू बोललीस ते मी लिहिलं नाही, सगळीकडं नाही लिहिलं, तुझ्या भल्यासाठी लिहिलं, असं सगळं. बोलताना मी रडत होते. ती रडत नव्हती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "म्या हौदापाशी येवढं बोलले आन् तू इत्तुसं लिवलंस. वाचता येत न्हाय, पर लांबी तर दिसती." सात वर्षांत तिनं मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. "मंग तुला वार्डातनं भाईर काडून टेबलावर बशिवलं, तवा पक्कं कळलं. म्हनलं, हिनं सोताचं खरं लिवलेलं दिसतंय."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"वाटलं, शिकल्याली हाय. कुटं काय लिवावं ते हिला म्हाईत असंल."

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मी उद्याच नानासाहेबांकडं जाते. सगळं खरं सांगते. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

आतून खानावळवाल्यानं हाक मारली. सिद्धम्मा उठली, पदर खोचला.

"जायाचं तर जा की," ती म्हणाली. "मला कशाला इचारती?"

मी दुपारच्या गाडीनं परत आले. नानासाहेबांकडं दुसऱ्या दिवशीही गेले नाही आणि नंतरही नाही. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला आणि विचारील त्याला सांगत राहिले, की मी जाणारच होते, पण सिद्धम्माच नको म्हणाली. ती नको म्हणाली नव्हती.